भाविकाचं कार्ड

सगुणाबाई घरत मला पहिल्यांदा दिसल्या त्या खाडीच्या बांधावर, आणि त्या दिवशी त्यांच्यामुळे मला शाळेत पोहोचायला उशीर झाला.

१९९० च्या जूनमध्ये माझी बदली पेण तालुक्यातल्या काळेखार गावी झाली. एस.टी. डांबर संपतं तिथं उतरवून परत फिरायची. पुढं बांधावरून पाऊण मैल चालायचं. बांध जेमतेम दोन हात रुंद, एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला भरतीचं पाणी. माझ्या पुढं मुलांची एक साखळी चालली होती. अकरा मुलं, एकमेकांचे हात धरलेली, सगळ्यांत लहान मधोमध. सर्वांत पुढं एक तिशीतल्या बाई, साडी वर खोचलेली, अर्धं तोंड मागे करून तिरक्या चालत होत्या. बाजूनं निघून जायला जागा नव्हती. मी घसा खाकरला.

"गुरुजी, घाई हाय का?" त्यांनी न थांबता विचारलं. "घाई असंल तर पान्यातनं जा."

मी पाण्यातून गेलो नाही. त्या साखळीच्या शेपटीला लागून हळूहळू गावात शिरलो. समाजमंदिराशी मुलं सुटी झाल्यावर मी म्हणालो, "बाई, फार सुंदर दिसत होतं हो."

"सुंदर काय त्यात? एक निसटला तं गेला खाडीत."

त्या गावच्या अंगणवाडी सेविका होत्या. सातवी शिकलेल्या. नवरा मिठागरावर मुकादम होता, तो लवकर गेला. पदरी मूल नव्हतं. गावातल्या सहा वर्षांखालच्या प्रत्येक पोराचं वजन, दात, खोकला आणि खोड त्यांना तोंडपाठ असे. फक्त लिहिण्याचा कंटाळा. "बोटं मिठानं चिरल्यात, पेन टोचतंय," असं सांगून त्या कागद माझ्यापुढे सरकवत. असं करत त्यांच्या अंगणवाडीचे निम्मे तक्ते माझ्या अक्षरात लिहिले गेले. पुढं जे झालं त्यात माझाही हात होता, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

त्र्याण्णव साली पेणच्या रामवाडीतल्या एका संस्थेनं खाडीपट्ट्यातल्या गावांसाठी काम सुरू केलं. ज्या लहान मुलांची वाढ मागे आहे, त्यांना शाळेत जायच्या वयाआधीच हुडकायचं आणि तेव्हाच मदत करायची, असं ते काम होतं. दिशाताई नावाची एक तरुण मुलगी दर गुरुवारी काळेखारला येई. व्यायाम शिकवी, बोलायला शिकवी, आईबापांना समजावी. तिच्याकडे आमच्या गावासाठी एकच सकाळ होती, आणि एका सकाळीत चारच मुलं होत. ती चार कोणती, हे कार्डावरून ठरे.

कार्ड साधं होतं. वीस ओळी. बसतो, उभा राहतो, चालतो, पायऱ्या चढतो, चमच्यानं खातो, चित्रातली वस्तू ओळखतो, असं बरंच. प्रत्येक ओळीपुढं दोन चौकोन, 'येतं' आणि 'येत नाही'. वर्षातून एकदा, जूनमध्ये भरायचं. जे मूल त्याच्या वयाला ठरवलेल्या रेघेला पोहोचलं ते यादीतून बाहेर, त्याच्या जागी पुढचं. मला ही रीत आवडली होती. शाळेत आम्ही वर्षानुवर्षं किती तास शिकवलं ते लिहीत आलो. मुलाला काय आलं ते कुणी विचारत नसे.

पहिल्या चारांत भाविका होती. काळुराम आणि चंद्रावतीची मुलगी, तेव्हा सव्वातीन वर्षांची. आठव्या महिन्यात घरीच जन्मलेली. पाय कातरीसारखे एकमेकांवर चढत, टाचा टेकत नसत. काळुराम डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, चंद्रावती मिठागरावर. पोरगी वाढत होती ती आजीच्या, ठमाबाईच्या, कडेवर. तोंडानं मात्र अशी की विचारू नका. मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तर म्हणाली, "गुरुजी, तुमचं पोट पुढं का हाय?"

वर्षभर दिशाताईनं तिच्या पायांवर मेहनत घेतली. चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये आम्ही कार्ड भरायला बसलो. मी वाचत होतो, सगुणाबाई सांगत होत्या.

"चालते?"

"चालते की. काल समाजमंदिरापासून घरापत्तुर गेली."

येतं.

"बसलेली असताना उठून उभी राहते?"

"व्हय. उठते."

येतं.

वीसपैकी सतरा. भाविका यादीतून बाहेर पडली. त्या वर्षी आमच्या गावचे आकडे सगळ्या खाडीपट्ट्यात चांगले होते. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या विमलबाई स्वतः आल्या, सगुणाबाईंना नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाविकाच्या जागी साहिल आला, शांतीचा मुलगा. चार वर्षांचा, अबोल, त्याच्या कार्डावर 'येतं'च्या नऊच खुणा होत्या.

नोव्हेंबर लागला की काळेखारची निम्मी घरं बंद होतात. माणसं मिठागरावर झोपड्या घालून राहतात ती मे अखेरीस परततात. अंगणवाडी ओस पडे. इतर गावांतल्या सेविका हजेरीपटावर 'स्थलांतर' लिहून मोकळ्या होत. सगुणाबाई खिचडीचं पातेलं डोक्यावर घेऊन मिठागरावर जात.

डिसेंबरातल्या एका दुपारी त्या शाळेत आल्या. वर्ग चालू होता. एरवी त्या दाराशी थांबत, त्या दिवशी सरळ माझ्या टेबलापाशी आल्या. पातेलं अजून डोक्यावरच होतं.

"गुरुजी, ती चालत नाय."

"कोण?"

"भाविका. आनी उठत पन नाय. आपन खोटं लिवलं."

मी मुलांना पाढे लिहायला सांगून ओट्यावर गेलो. त्यांनी सांगितलं ते असं. मिठागरावर पोरं नेहमीसारखी साखळी धरून खिचडीला येत होती. भाविका मधे होती. मिठाचा ट्रक आला, पोरं हात सोडून बघायला पळाली. भाविका पडली नाही. ती हळूच खाली बसली आणि एक हात वर करून राहिली. कोणीतरी येईल आणि तो धरील म्हणून. सगुणाबाई तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

"मी बोलले, उठ गो. तं तिनं हात माझ्याकडं केला. मी माझे हात पाठीमागं नेले. ती हसायला लागली, तिला वाटलं खेळ हाय. मग हसायची थांबली. मी सारखी बोलतंय उठ, उठ, आनी ती हात वर करून बसलेली. गुरुजी, तिला उठताच येत नाय. कंदी येतच नव्हतं."

"पण जूनमध्ये तुम्ही पाहिलं होतं ना?"

"पायलं ना! हात धरून पायलं. सगलीच पोरं हात धरून चालतात. तो हात माज्या डोल्याला दिसलाच नाय."

मी कपाटातून कार्डाची नक्कल काढली. मागच्या बाजूला छापलेलं होतं, 'मुलाने स्वतः केलेली कृतीच धरावी.' ते मी जूनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आम्ही दोघांनी मान डोलावली होती. बांधावर पोराचा हात धरणं याला काळेखारात मदत म्हणत नाहीत. पायात चप्पल घालण्यासारखं आहे ते. चार वर्षांत मीही त्याला सरावलो होतो, आणि मी तर बाहेरचा.

सहा महिने गेले होते. दिशाताईनं जूनमध्येच सांगून ठेवलं होतं की भाविकाचे स्नायू आखडण्याआधी, पाच-सहा वर्षांच्या आत जे होईल ते खरं. येत्या फेब्रुवारीत भाविकाला पाच वर्षं पूर्ण होणार होती.

विमलबाईंना सांगायला आम्ही दोघं पेणला गेलो. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चहा मागवला आणि दार लोटून घेतलं.

"सगुणाबाई, तुमचं गाव सगळ्यांत वर आहे. आता चुकलं म्हणून सांगितलंत तर वरचे म्हणतील सगळीच कार्डं खोटी. तुम्हाला मेमो निघेल, मला निघेल. जूनमध्ये तिला नवीन नाव म्हणून घालू या. गुपचूप."

"जूनपत्तुर तिचे पाय वाट बघतील व्हय?"

"अहो, एका मुलीसाठी..."

"एका नाय. मी ज्यांच्यावर 'येतं' लिवलंय ती सगलीच बघायला लागतील. मना कुटं म्हाईत आनी कोनाकोनाचा हात धरला व्हता!"

विमलबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी सगुणाबाईंना आवरावं म्हणून. मी म्हणालो, "अक्षर माझं आहे, बाई. मेमोत माझंही नाव घाला." विमलबाईंनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "आठ दिवस देते. नवी कार्डं घेऊन या, मग बघू."

त्या आठ दिवसांत सगुणाबाईंनी मिठागरावरची आणि गावातली मिळून एकतीस मुलं पुन्हा पाहिली. दोन चौकोन त्यांना पुरेनात. कोळशानं त्यांनी स्वतःची खूण काढली. भरलेलं वर्तुळ म्हणजे एकट्यानं, अर्धं भरलेलं म्हणजे कोणाच्या तरी आधारानं, रिकामं म्हणजे नाही. आणि अर्ध्या वर्तुळाशेजारी मला लिहायला लावत, कोणाचा आधार, कुठे. "आजीचा हात." "भिंत." "बहीण बोलते, हा मान हलवतो." रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा त्या पदरात दोन्ही हात गुंडाळून मुलांसमोर बसल्या होत्या. मी विचारलं, असं का? म्हणाल्या, "सुटे ठेवले तं आपोआप फुडं जातात."

भाविका धरून तीन मुलं खाली आली, ती सगळ्यांत जास्त. एक मात्र वर गेलं, आणि त्यानं आम्हाला चकितच केलं. साहिल. कार्डावर त्याच्यापुढं 'पायऱ्या चढत नाही' होतं. काळेखारच्या घरांना पायऱ्याच नाहीत, एक उंबरा ओलांडला की घर. 'चमच्यानं खात नाही.' घरात चमचा एकच, तो मिठाच्या बरणीत. चित्रातला टेलिफोन त्यानं ओळखला नव्हता, कारण पाहिलाच नव्हता. पण मिठागरावर तो दोन पुरुष उंचीच्या मिठाच्या राशीवर सरसर चढून गेला आणि वरून ओरडला, "भरती आयली! दरवाजा उघडा!" बाप खाडीचं पाणी मिठागरात घेताना ओरडतो त्याच आवाजात, बापासारखाच कमरेवर हात ठेवून.

"हा अबोल?" मी म्हणालो.

"आपल्याशी अबोल," सगुणाबाई म्हणाल्या. "आपन इचारतो काय, तं हा कप का हा चेंडू. तो कशाला बोलंल?"

संस्थेच्या रामवाडीच्या केंद्रात बैठक झाली तेव्हा विमलबाई, दिशाताई, मी, सगुणाबाई आणि भाविकाला घेऊन ठमाबाई असे होतो. ठमाबाई चिडलेल्या होत्या. नातीला चालता येत नाही असं गावभर झालं, हा त्यांना अपमान वाटला होता.

"माजी नात चालते," त्यांनी बसल्याबसल्या सांगून टाकलं.

दिशाताईनं विचारलं, "आजी, हात कोण धरतं तिचा?"

"मी धरते, दुसरं कोन?"

"आणि सोडला तर?"

"सोडायचा कशाला? तुमच्याकडं पेनला रस्ते हायत. आमच्याकडं हात सोडला तं पोरगी खाडीत मिलायची!"

"आजे, मना खाली ठेव," भाविका म्हणाली.

ठमाबाईंनी तिला खाली ठेवलं. ती बसली आणि हात वर केला. ठमाबाईंचा हात सवयीनं पुढं झाला. सगुणाबाईंनी तो मधेच धरला आणि स्वतःच्या मांडीवर दाबून ठेवला. भाविकानं एकेकाकडे पाहिलं, मग हात खाली घेतला, फरशीवर दोन्ही तळवे टेकले, पाय ओढायचा प्रयत्न केला. ते एकमेकांत अडकले. ती कुशीवर पडली आणि म्हणाली, "ह्यांना सांगा ना कोनीतरी." ह्यांना म्हणजे पायांना. ठमाबाई तोंडाला पदर लावून रडू लागल्या. सगुणाबाईंनी त्यांचा हात सोडला नाही.

दिशाताईनं ती नवी कार्डं दोनदा वाचली. मग स्वतःच्या वहीत तीन वर्तुळं काढून घेतली. म्हणाली, "मी वर्षभर तिला टेबलाला धरून उभं करत होते. उठायला शिकवलंच नाही. मला वाटलं होतं, तिला येतं."

भाविकाला परत घ्यायचं ठरलं. पण सकाळ एकच होती आणि जागा चार. कोणाला काढायचं हे कार्डं सांगतच होती. साहिलच्या आईला सांगायला जाण्याचं काम सगुणाबाईंनी दुसऱ्या कोणावर टाकलं नाही. मी सोबत होतो.

शांती मीठ ओढत होती. ऐकून घेतलं आणि हातातल्या फळीचा दांडा आपटून म्हणाली, "सहा म्हयने सगल्या गावात झालं का माजा पोर मंद हाय. आता बोलता, नाय, चांगला हाय, चल नीघ. तुमच्या मनाला येल तसं लिवायचं व्हय?"

"व्हय गो, चुकलं माजं."

"तुमचं चुकलं, आनी सासू मना बोलली."

"तुज्या सासूला मी सांगतंय."

"तिला काय सांगता! चावडीवर सांगा."

सगुणाबाईंनी सांगितलं. माघी गणपतीच्या दिवशी, सगळी माणसं मिठागरावरून गावात आलेली असताना, समाजमंदिरात उभं राहून. साहिल हुशार आहे, त्याचं कार्ड मी चुकीचं भरलं, भाविकाचंही चुकीचं भरलं. मागून कोणीतरी ओरडलं, "मंग ते घड्याल परत दे गो!" सगळे हसले. सगुणाबाईही हसल्या, पण घड्याळ त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच काढून विमलबाईंकडे पाठवलं. विमलबाईंनी ते परत पाठवलं. सगुणाबाईंनी पुन्हा पाठवलं. शेवटी ते माझ्या वर्गात लागलं. शांती मात्र दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही, आणि सगुणाबाईंनी त्याबद्दल तिला कधी बोल लावला नाही. मेमो निघाला. तो त्यांनी कार्डांच्याच पिशवीत ठेवला.

भाविकासाठी दिशाताई आणि सगुणाबाईंनी मिळून जे ठरवलं त्यात 'चालणं' हा शब्दच नव्हता. पहिलं, बसलेली असताना कोणाचाही हात न धरता उठणं. दुसरं, दहा पावलं, काठीनं. तिसरं, शाळेच्या ओट्याची एक पायरी. दर महिन्याला वर्तुळं काढायची, आणि दोन महिन्यांत काही हललं नाही तर भाविकाला बोल न लावता व्यायाम बदलायचा. पायाला पट्ट्यांचे बूट मुंबईहून करून आणले. मिठागरावर टेबल नव्हतं, म्हणून सगुणाबाईंनी मीठ ओढायच्या फळीचा लांब दांडा जमिनीत रोवला आणि त्याला धरून उठायला शिकवलं. मग दांडा आखूड केला. मग आणखी आखूड.

सगळ्यांत अवघड होतं गावाला शिकवणं. भाविकानं हात वर केला की रस्त्यानं जाणारा कोणीही धरी. सगुणाबाईंनी बांधावरच्या साखळीत हातांऐवजी एक लांब बांबू आणला. पोरं बांबू धरून चालू लागली. भाविकालाही बांबूच. ठमाबाई सगळ्यांत उशिरा ऐकू लागल्या. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. "मना बघवत नाय, तुमी बघा."

पहिले चार महिने पहिल्या ओळीपुढं अर्धंच वर्तुळ राहिलं. 'दांडा.' 'दांडा.' 'दांडा, पण एक हात.' दोनदा व्यायाम बदलला. पंच्याण्णवच्या सप्टेंबरात एकदा सगुणाबाई कार्ड घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवून तशाच गेल्या. पहिल्या ओळीपुढचं वर्तुळ पूर्ण काळं होतं, आणि इतकं दाबून रंगवलं होतं की कागद मागे फाटला होता.

शहाण्णवच्या जूनमध्ये भाविका माझ्या पहिलीच्या वर्गात आली. काठी होतीच, बूटही होते. शाळेची पायरी तिला त्या दिवशीही एकटीला चढता आली नाही. कार्डावर तसंच लिहिलं, आणि त्या कार्डावरून मी माझ्या वर्गाची आखणी केली. तिची जागा भिंतीशी, पाटी टांगायला खिळा, प्रार्थनेला सगळे उठले की तिला उठायला दहा आकडे जास्त. मुलं ते दहा आकडे मोठ्यानं मोजत. पायरी तिला दिवाळीनंतर जमली. आता ती चौथीत आहे, गणितात बरी, बडबडीत वर्गात पहिली. पळत नाही. पळेल असं आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं.

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो आणि रोह्याजवळच्या वरसे गावी मुलाकडे राहायला आलो. काळेखारहून पत्र येतं ते भाविकाच्या अक्षरात, सगुणाबाई सांगतात आणि ती लिहिते. गेल्या महिन्याच्या पत्रावरून कळतं की अंगणवाडीत आता चौतीस मुलं आहेत, यादीत चार आहेत. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगुणाबाई अकराच्या एस.टी.नं रामवाडीला जातात आणि बाकीच्या गावांच्या सेविकांना कार्ड भरायला शिकवतात.